मूल कोणाचे? खंडोबाची मूर्ती, नळ-दमयंती आणि मुलाचा ताबा

नवरा-बायको वेगळे झाले, किंवा लग्न न करता आई-बाप झालेली दोन माणसे एकमेकांपासून दूर गेली, की मुलाबाबत कायद्यापुढे तीन गोष्टी येतात. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने सही करण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा, शाळा आणि दवाखाना ठरवण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी जेवणार आणि झोपणार. भेट म्हणजे ज्याच्या घरी ते राहत नाही त्याने त्याला कधी, कुठे आणि किती वेळ पाहायचे. तिन्ही एकाच माणसाच्या हाती असतील असे नाही. पालक वडील आणि ताबा आईकडे, ही जोडी आपल्याकडे नेहमीची आहे. या तिन्हींच्या तळाशी एक प्रश्न आहे, तो कोणत्याही कायद्याहून जुना: मूल असते कोणाचे? मुळात ते कोणाचे तरी असते का?

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात नळदुर्ग आणि अणदूर ही दोन गावे सोलापूर-हैदराबाद महामार्गावर काही किलोमीटरच्या अंतराने आहेत. दोन्ही गावांत खंडोबाचे देऊळ आहे, मात्र मूर्ती एकच. सव्वादहा महिने ती अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, बोरी नदीकाठच्या मैलारपूरच्या देवळात. मार्गशीर्षातली अणदूरची यात्रा झाली की देव पालखीत बसून नळदुर्गला येतो. पौष पौर्णिमेची इथली मोठी यात्रा होते, आणि मुदत भरली की देव अणदूरला परततो. मूर्ती नेताना आणि आणताना दोन्ही गावांचे मानकरी समोरासमोर बसतात आणि लेखी करार होतो. पिढ्यान्‌पिढ्या मुदत ठरलेली, माणसे ओळखीची, तरीही कागद केला जातो. श्रद्धेच्या व्यवहारात असा रोखठोकपणा काहींना खटकेल. पण ही वहिवाट आजवर चालत आली, त्यात या कागदाचा वाटा मोठा असावा.

या व्यवस्थेत लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे वाटणी समसमान नाही. सव्वादहा आणि पावणेदोन. तरी नळदुर्गकर स्वतःला देवाचे पाहुणे यजमान समजत नाहीत. पावणेदोन महिन्यांत देव त्यांचा पुरता असतो, आणि उरलेल्या दिवसांत रिकाम्या देवळामुळे तो परका होत नाही. अणदूरकरांनाही देव पाठवताना तो गमावल्यासारखे वाटत नाही, कारण परत येण्याची तिथी ठरलेली आहे. तुकडे दिवसांचे पडले, मूर्तीचे पडले नाहीत. ही वहिवाट कोणी मुलांच्या ताब्याचा नमुना म्हणून घालून दिलेली नाही, आणि तसे म्हणणे ओढूनताणून होईल. मात्र एखाद्यावर दोघांचा खरा हक्क असेल तेव्हा काय करायचे, या प्रश्नाचे एक चालते उत्तर इथे दरवर्षी पालखीतून ये-जा करते.

जुन्या ग्रंथांत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी मालकीच्या भाषेत दिलेले सापडते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांचा लांबलचक वाद आहे: पेरणाऱ्याचे पीक की शेताच्या धन्याचे? स्त्री हे शेत, पुरुष हे बियाणे, आणि मूल हे उगवलेले धान्य. धान्याला अर्थातच कोणी विचारत नाही. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत शकुंतलेला ओळख देत नाही, तेव्हा आकाशवाणी होते आणि मुलगा बापाचाच, आई निमित्तमात्र, असा निवाडा मिळतो. निवाडा शकुंतलेच्या बाजूने लागला, पण आधार तिच्या विरुद्धचा.

ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची कथा या मालकीला तिच्या टोकापर्यंत नेते. हरिश्चंद्राने वरुणाला आपला मुलगा बळी देण्याचे कबूल केले होते. मुलगा रोहित रानात निघून गेला आणि आपल्या जागी दुसरा शोधू लागला. अजीगर्त नावाच्या भुकेकंगाल ब्राह्मणाला तीन मुलगे होते. थोरला देणार नाही, असे बाप म्हणाला. धाकटा देणार नाही, असे आई म्हणाली. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. त्याला यज्ञाच्या खांबाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा बापानेच आणखी शंभर गाई घेऊन बांधले, आणि मारण्यासाठी आणखी शंभर घेऊन सुरी पाजळली. मुलाने देवांची स्तुती केली, त्याचे पाश गळून पडले. त्यानंतर अजीगर्त त्याला परत मागू लागला. शुनःशेपाने नकार दिला आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. ताब्याच्या वादात मुलाने स्वतः निवड केल्याचा याहून जुना दाखला आपल्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. त्यातली बोच अशी की त्याला आई आणि बाप दोघेही होते, दोघांनी आपापले आवडते मूल राखले, आणि कोणाच्याच वाट्याला न आलेला तो विकला गेला.

खंडोबाच्या भक्तिपरंपरेलाही हा डाग आहे. मूल होत नाही, जगत नाही, म्हणून नवस बोलायचा आणि झालेले मूल देवाला वाहायचे. मुलगा असेल तर वाघ्या, मुलगी असेल तर मुरळी. भंडारा उधळून लहान मुलीचे देवाशी लग्न लागे आणि तिचे पुढचे आयुष्य आई-बापांच्या एका बोलण्याने ठरून जाई. मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण नळदुर्ग तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. महाराष्ट्राने पुढे 2005 चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा केला. मुरळी सोडणारे आई-बाप क्रूर असत असे म्हणता येत नाही. बरेचसे हतबल असत. पण जे आपले असते तेच दान करता येते. मूल आपल्या मालकीचे आहे हे गृहीत धरल्याशिवाय ते देवालासुद्धा देता येणार नाही.

आता याच देवाकडे कायदा कसा पाहतो ते पाहण्यासारखे आहे. हिंदू कायद्यात प्रतिष्ठापना झालेली मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावू शकते. मात्र तिचा कारभार दुसऱ्याने पाहायचा असतो, म्हणून ती कायमची अज्ञान समजली जाते. सातबाराच्या उताऱ्यावर हे साम्य उघड दिसते. बाप वारलेल्या मुलाचे नाव लागते तेव्हा पुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे आणि आईचे नाव येते; अज्ञान पालनकर्ता, म्हणजे जमीन मुलाची आणि आई केवळ सांभाळणारी. देवस्थानाच्या जमिनीवर देवाचे नाव लागते आणि पुजारी वा व्यवस्थापक वहिवाट पाहतो. पुजारी मालक नाही, खातेदाराच्या रकान्यात देवाचेच नाव हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले.

याहून जवळचा दाखला 1925 चा आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदैवताच्या पूजेच्या पाळ्या लागलेल्या होत्या. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी न्यायची, असे एका वहिवाटदाराचे म्हणणे, दुसऱ्यांचा विरोध. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथे ठरले ते असे: मूर्ती ही इकडून तिकडे हलवायची चीजवस्तू नाही, तिने कुठे राहावे याबाबत तिची स्वतःची इच्छा मानावी लागेल, आणि भांडणाऱ्या दोन्ही बाजूंत ज्याचा स्वार्थ नाही अशा प्रतिनिधीमार्फत ती इच्छा न्यायालयापुढे यावी. दगडाच्या वा धातूच्या मूर्तीला हे मिळाले 1925 साली. मुले ही आई-बापांची चीजवस्तू किंवा खेळणी नाहीत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात ठासून सांगितले ते 1973 साली. आणि घटस्फोटाच्या खटल्यात मुलासाठी दोन्ही बाजूंहून वेगळा वकील उभा राहिलेला आजही क्वचितच दिसतो. मूर्तीला वकील मिळतो आणि मुलाला मिळत नाही, हे काही भूषणावह नाही.

मूर्तीच्या कायद्यातून हाती लागणारी कल्पना अशी: सांभाळणारा मालक नसतो, सेवेकरी असतो. त्याला अधिकार असतात, पण ते सेवा नीट व्हावी एवढ्यापुरते. सेवा चुकली तर अधिकार जातो, कारण तो त्याचा स्वतःचा कधी नव्हताच. राजाने पोरक्या मुलाचे धन ते मोठे होईपर्यंत राखावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, तिथेही हीच दृष्टी आहे. बीज-क्षेत्राचा वाद घालणारा ग्रंथ एक अध्याय आधी हे सांगतो. परंपरा एकसुरी कधीच नव्हती.

अर्थात सेवेकऱ्याच्या नावाखाली धनीही होता येते. नळदुर्गशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो कर्नल मेडोज टेलर 1853 मध्ये या जिल्ह्याचा कारभार पाहण्यासाठी आला. त्यापूर्वी तो सुरपूर संस्थानात होता, तिथल्या अज्ञान राजाच्या वतीने राज्य चालवत होता. राजाची विधवा आई, राणी ईश्वरम्मा, आणि टेलर यांच्यात मुलगा आणि कारभार या दोहोंवरून वर्षानुवर्षे ओढाताण चालली. राजा टेलरला ‘अप्पा’ म्हणत असे. मोठा झाल्यावर त्याने 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केले, पकडला गेला आणि शिक्षा भोगायला नेत असताना पिस्तुलाच्या गोळीने मेला. ही कहाणी टेलरच्या आत्मचरित्रामुळे आपल्यापर्यंत आली. राणीने आत्मचरित्र लिहिले नाही. ताब्याच्या खटल्यात एकाच बाजूचे प्रतिज्ञापत्र वाचायला मिळावे तसे हे आहे.

आजचा कायदा धर्मागणिक वेगळा सुरू होतो आणि एकाच जागी येऊन मिळतो. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 नुसार विवाहातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे. ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असे नाही, तो हजर नसेल किंवा लक्ष घालत नसेल तरीही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात 1999 मध्ये लावला. त्याच कलमानुसार हिंदू धर्म सोडलेला किंवा संन्यास घेतलेला माणूस नैसर्गिक पालक राहत नाही. संन्याशाने संसारावरचा हक्क सोडलेला असतो, हे कायद्यालाही मान्य आहे. हनफी मुस्लिम परंपरेत हिजानत, म्हणजे लहान मुलाला सांभाळण्याचा हक्क, आईचा: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. पालकत्व मात्र बापाचे. आदिलशाही किल्ल्याच्या नळदुर्गात दोन्ही रीती शेजारी नांदतात. 1890 चा पालक व पाल्य कायदा सर्वांना लागू आहे, आणि शेवटी कसोटी एकच: मुलाचे हित. वैयक्तिक कायद्याचा नियम आणि मुलाचे हित यांत विरोध आला, तर न्यायालये हिताला वरचढ मानतात.

अविवाहित आई-बापांच्या बाबतीत क्रम उलटा आहे: पालक आई, तिच्यानंतर बाप. अविवाहित आईला मुलाचे पालकत्व मागताना बापाचे नाव उघड करण्याची आणि त्याला नोटीस पाठवण्याची सक्ती नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला. छांदोग्य उपनिषदातल्या जबालेने हे फार पूर्वी केले होते. मुलाने गोत्र विचारले, तेव्हा तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करताना तू झालास, तुझे गोत्र कोणते ते मला ठाऊक नाही, मी जबाला आणि तू सत्यकाम, असे तिने सांगितले. गौतमाने त्याला खरे बोलल्याबद्दल शिष्य करून घेतले. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचे ठरले आहे. मात्र जबालेच्या कथेची दुसरी बाजू विसरू नये. सत्यकामाला आपले कूळ कोणते हे जाणून घ्यायचे होते, म्हणून तर त्याने विचारले. आईला नाव न सांगण्याची मुभा असली, तरी मुलाची ती गरज मुभेने मिटत नाही. म्हणूनच अविवाहित बापाच्या भेटीच्या अर्जाकडे तो केवळ वर्चस्वासाठी आला आहे, अशा संशयाने पाहू नये. आणि जबाबदारी झटकून वर्षानुवर्षे गायब राहिलेल्याला रक्ताच्या जोरावर दार उघडूनही मिळू नये.

भेटीचा विचार करायला नळदुर्गाच्या नावातच एक कथा आहे. किल्ला नळराजाचा, अशी लोकांची समजूत. दमयंतीच्या भक्तीसाठी खंडोबा इथे आला, असेही सांगतात. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानाला प्रेमकथा म्हणून वाचायची सवय आहे, पण ती विभक्त आई-बापांचीही कथा आहे. नळ द्यूतात हरू लागला तेव्हा दमयंतीने पुढचे ओळखले आणि इंद्रसेन व इंद्रसेना या जुळ्यांना वार्ष्णेय सारथ्याबरोबर कुंडिनपुराला, आपल्या माहेरी पाठवून दिले. घर मोडायच्या आत मुलांना आजोळी पोहोचवणारी ही बाई व्यवहारात कोणाहून कमी नव्हती. नळाने तिला रानात झोपेत सोडले, रूप बदलून तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. पुढे तो कुंडिनपुरात आला, तेव्हा दमयंतीला संशय आला. तिने केशिनी दासीबरोबर दोन्ही मुलांना त्याच्याकडे धाडले. त्याने त्यांना उराशी धरले आणि रडू लागला. मग केशिनीला म्हणाला, माझ्या मुलांसारखीच ही दिसतात म्हणून रडू आले. तू सारखी इकडे येऊ नकोस, आम्ही परदेशचे पाहुणे, लोक संशय घेतील.

आजच्या कौटुंबिक न्यायालयाच्या भेटीच्या खोलीतले जवळजवळ सगळे यात आहे. ताबा आईच्या माहेरी. बाप नाव हरवलेला. भेट त्रयस्थ बाईच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळेची, आणि झालेल्या प्रकाराचा अहवाल आईकडे जाणार. बापाला मूल हवे आहे, पण ओळख द्यायची लाज आहे, म्हणून पुन्हा येऊ नका असे तोच म्हणतो. भेटीला न येणाऱ्या बापांना बेपर्वा म्हणून मोकळे होणे सोपे असते. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. पण पोटगी थकलेली आहे, खिशात खाऊचे पैसे नाहीत, सासरची माणसे समोर असतील, म्हणून पाऊल मागे घेणारेही असतात. नळ त्यांच्यापैकी होता. दमयंतीबद्दलही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्याने तिला रानात टाकले, त्याच्याविषयी तिने मुलांची मने कलुषित केल्याचे कथेत कुठे येत नाही. आणि तिसरी गोष्ट: त्या भेटीत मुले एक शब्दही बोलत नाहीत. व्यासांनी बापाचे अश्रू वर्णिले. अनोळखी कुरूप सारथ्याच्या मिठीत त्या दोघांना काय वाटले, ते सांगितले नाही.

एकाच मुलावर दोन बायांनी हक्क सांगितल्याची कथा जातकांत महोषधाच्या नावावर आहे आणि बायबलमध्ये शलमोन राजाच्या. एकाने मूल ओढायला सांगितले, दुसऱ्याने चिरायला. जिने सोडले ती खरी आई. निवाडा चतुर आहे, पण ताब्याच्या वादात तो निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो. तिथे एक दावेदार खोटी होती. इथे दोघेही खरे असतात. इथे मुलाला इजा नको म्हणून जो हात सोडतो त्याच्याकडे मूल येत नाही, ओढणाऱ्याकडे राहते. वर्ष-दोन वर्षांनी मूल आता तिथे रुळले आहे, असे कारण सांगून तोच ताबा कायम होतो. सोडणारा शहाणा आई-बाप तेवढा हरतो. हे टाळायचे तर भेटीचा आदेश पहिल्या महिन्यापासून आणि काटेकोर हवा.

मग भेट हा हक्क कोणाचा? बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय कराराने उत्तर दिले: मुलाचा. दुरावलेल्या आई-बापांपैकी दोघांशीही नियमित संबंध राखण्याचा अधिकार त्याच्या नवव्या कलमात मुलाला दिला आहे; अपवाद फक्त मुलाच्या हिताचा. भारत डिसेंबर 1992 मध्ये या करारात सामील झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात हीच भूमिका घेतली आणि लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलू देण्यावरही भर दिला. विधी आयोगाच्या 2015 च्या 257 व्या अहवालाने संयुक्त ताब्याची शिफारस केली आहे. हक्क मुलाचा ठरला की बरेच काही बदलते. पोटगी थकली म्हणून आईला भेट अडवता येत नाही, कारण भेट बापाची मिळकत नाही; आणि भेट मिळत नाही म्हणून बापाला पोटगी थांबवता येत नाही, कारण तो पैसाही मुलाचा आहे. गावाकडे हे दोन व्यवहार एकमेकांच्या बदल्यात चालतात, आणि दोन्हीकडून नुकसान होते ते तिसऱ्याचेच.

अणदूर-नळदुर्गच्या वहिवाटीशी हे ताडून पाहता दोन बाबी मुलाच्या बाबतीत जशाच्या तशा घेण्यासारख्या आहेत. पहिली, समान दिवसांचा हट्ट नको. शाळा धाराशिवला आणि बाप पुण्याला असेल, तर आठवड्याची निम्मी वाटणी म्हणजे मुलाची एस.टी.तली हेलपाट्यांची शिक्षा. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीचे चार दिवस, महिन्यातले दोन रविवार, एवढेही पुरते, जर ते नक्की असेल. दुसरी, परत करण्याबद्दल शंका नसावी. मूल पाठवणाऱ्याला ते वेळेवर परत येईल याची खात्री असली तरच तो मोकळ्या मनाने पाठवतो, आणि ही खात्री तोंडी आश्वासनांनी येत नाही. तारीख, वार, वेळ, पोहोचवणार कोण, हे सगळे कागदावर हवे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन्ही बाजूंचे वकील ‘सोयीनुसार भेट’ असे एक मोघम वाक्य लिहून मोकळे होतात. पुढचा खटला बहुधा त्या एका वाक्यातून जन्मतो.

तिथून पुढे मात्र साम्य संपते. मारहाण करणारा, दारू पिऊन येणारा, मुलाला पळवून नेण्याची भीती असलेला पालक असेल, तर देखरेखीतली भेट किंवा भेटच नाही, हाच आदेश योग्य असतो. दोन्ही आई-बाप हवेत हे तत्त्व तिथे मुलावर लादायचे नसते. शिवाय मूर्तीचे वय वाढत नाही, मुलाचे वाढते. तीन वर्षांच्या पोरासाठी केलेला तक्ता तेराव्या वर्षी निरर्थक होतो. म्हणूनच ताब्याचा कोणताही आदेश कायमचा मानला जात नाही, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. मूर्तीची इच्छा दुसऱ्याने ओळखायची असते. मूल स्वतः बोलते. समजत्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालयाला विचारात घेता येते, असे 1890 च्या कायद्याचे कलम 17 सांगते, आणि न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून आई-बापांच्या गैरहजेरीत विचारतात. मात्र तुला आई हवी की बाबा, हा प्रश्न मुलाला थेट विचारू नये. शुनःशेपाला निवड करावी लागली, कारण त्याला विकणारे हात बापाचे होते. ज्या मुलाला दोघेही प्रिय आहेत, त्याला निवड करायला लावणे म्हणजे एकाचा विश्वासघात करायला लावणे. शाळेत काय चालते, रात्री झोप येते का, कोणाकडे गेल्यावर काय करतोस, एवढे विचारले तरी उत्तर मिळते, आणि ते ऐकायला कसलेला न्यायाधीश पुरेसा असतो.

न्यायालयाचा हा अधिकार मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच टिकतो. त्यानंतर ताब्याचा आणि भेटीचा प्रत्येक आदेश आपोआप संपतो, आणि कोणाकडे राहायचे, कोणाला भेटायचे, कोणाला भेटायचे नाही, हे ज्याच्यावरून सगळा वाद झाला तोच ठरवतो.